बारावीला ‘फक्त पास’ होऊन भागत नाही

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला. ‘ताई, हे खरं असेल तर उद्याच पैसे भरते.’ खाली ‘दहावीच्या निकालानंतर प्रत्येक पालकाने वाचावं’ असं मथळ्यात लिहिलेला लांबलचक फॉरवर्ड. भाच्याला इंटिग्रेटेड कोर्सला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घालायचं घरात घाटत होतं आणि दोन वर्षांची फी एकरकमी मागितली होती. फॉरवर्डचं म्हणणं असं : बारावीच्या गुणांना आता किंमत उरलेली नाही, 35 टक्के मिळाले तरी पुरे. म्हणून डमी प्रवेश घ्या, म्हणजे कॉलेजात फक्त नाव घाला, आणि फक्त क्लास करा. सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, 90 पर्सेंटाइल म्हणजे 200 पैकी 180. अकरावीचा अभ्यास सोडून द्या. बोर्ड बदला. आणि अकरावीच्या फॉर्मवर पहिली पसंती मोठ्या नावाची टाका, नंतर बदलता येते.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी या सगळ्यातून गेली. तेव्हाही असलंच काहीबाही फिरत होतं, पण एवढं घातक नव्हतं.

‘35 टक्के पुरे’ हे वाचून मला खरोखर राग आला. यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. 2013 ते 2016 या काळात जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना 40 टक्के वजन होतं, ते 2017 पासून गेलं. सीईटीची गुणवत्ता यादीही सीईटीवरच लागते. म्हणजे बारावीच्या गुणांनी क्रमांक वर जात नाही, हे कबूल. पण क्रमांक लागण्याआधी पात्रता असते, आणि तिच्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) किमान 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40. मेडिकलच्या नीटला पीसीबीमध्ये (गणिताऐवजी जीवशास्त्र) 50 आणि 40. आणि आयआयटी-एनआयटीचा नियम तर कुणीही माहितीपुस्तिका उघडून वाचावा : बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या त्या-त्या प्रवर्गातल्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. कोविडच्या काळात ही अट शिथिल होती, 2023 पासून पुन्हा लागू झाली. त्यात मोजतात पाच विषय : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. म्हणजे ‘इंग्रजी-मराठीवर वेळ घालवू नका’ हा त्या फॉरवर्डमधला सल्ला मुलाच्या मुळावर येणारा आहे.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचं हेच झालं. जेईईला चांगला क्रमांक, एनआयटीची जागाही लागली. बारावीला 61 टक्के. कागदपत्रं तपासताना जागा गेली. त्याची आई गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आली होती. इंग्रजीच्या 43 वर बोट ठेवून म्हणाली, ‘क्लासवाल्या सरांनी सांगितलं होतं, या पेपरला फक्त बसून ये.’ श्रेणीसुधार परीक्षा देता येते, पण त्यात वर्ष जातं, आणि ते वर्ष त्या सरांचं जात नाही.

डमी प्रवेशाचं मूळही याच थापेत आहे. राज्य मंडळ असो की सीबीएसई, बारावीला बसायला 75 टक्के हजेरी लागते. सीबीएसईने 2024 मध्ये डमी मुलं दाखवणाऱ्या काही शाळांची संलग्नता काढून घेतली. ‘राजस्थानात कोटाला डमी घ्या’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लपवली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याच्या 85 टक्के जागांतून एमबीबीएस हवं असेल, तर अधिवास दाखल्यासोबत दहावी आणि बारावी दोन्ही सहसा महाराष्ट्रातूनच झालेली लागते. राजस्थानातल्या शाळेतून बारावी केलेल्या मुलाला हा दरवाजा बंद होतो. शिवाय भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी 30 गुणांचं प्रॅक्टिकल आहे. माझ्या मुलीला टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला येतो ते समजायला चार तास लागले होते, दर वेळी रंग गडदच व्हायचा. जर्नल विकत आणून सही मारून घेणाऱ्या मुलाला हे कळणार कधी?

आता पर्सेंटाइल. ही चूक इतकी ढोबळ आहे की लिहिणाऱ्याने स्कोअरकार्ड कधी पाहिलंच नसावं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या सत्रात 20,000 मुलं बसली आणि 18,000 मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा त्यापेक्षा कमी असले, तर तुम्ही 90 वर. पेपर अवघड असेल तर बऱ्याच कमी गुणांनाही 90 येतात, सोपा असेल तर जास्त लागतात. 180 गुण न मिळाल्याने ‘मुलगा वाया गेला’ म्हणत बसलेले पालक मी पाहिले आहेत. फॉरवर्डच्या त्याच परिच्छेदात ‘सीईटीला उत्तर चुकलं की गुण कापतात’ असंही आहे. कापत नाहीत. जेईई आणि नीटला कापतात.

अकरावी सोडण्याबद्दल : सीईटीत अकरावीचा भाग 20 टक्के, हे खरं. पण ते 200 पैकी 40 गुण झाले! जेईई-नीटला तर दोन्ही वर्षं येतात. आणि अकरावीतली त्रिकोणमिती नि लिमिट्स कच्च्या राहिल्या की बारावीचं इंटिग्रेशन घोकूनही डोक्यात शिरत नाही. सीईटीच्या पीसीएममध्ये गणिताचे एकट्याचे 100 गुण आहेत.

बोर्ड बदलण्याचं कारण काय, तर म्हणे जेईई-नीट सीबीएसई घेतं. 2019 पासून जेईई मेन आणि नीट एनटीए ही वेगळी राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. पुढे.

शेवटचा मुद्दा मात्र याच आठवड्यात नुकसान करणारा आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. बहिणीने नावाच्या मोहाने पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज घरापासून दोन बस बदलून सव्वा तासावर होतं. काल आम्ही दोघींनी बसून क्रम बदलला. चालत जाता येईल असं, रोज प्रॅक्टिकल होणारं कॉलेज वर घेतलं आणि मगच फॉर्म लॉक केला. फी तिने भरलेली नाही.