‘घरबसल्या’ या शब्दावरून : रसायनप्रेमी यांना उत्तर

रसायनप्रेमी,

तुमची प्रतिक्रिया वाचली. लॉग-पी, म्हणजे औषधाला तेल जास्त मानवतं की पाणी हे सांगणारा आकडा, त्यावरचा मूळ लेख न वाचता थेट इथे आलेल्यांसाठी ती तशीच देतो : “ऑक्टॅनॉल म्हणजे पेशीचं आवरण नव्हे. औषध शरीरात आयन होऊन फिरत असेल तर लॉग-पी नाही, लॉग-डी बघतात. तुमचा आयब्युप्रोफेनचा परिच्छेद त्यामुळेच फसलाय. लिपिन्स्कीचा नियम 1999चा नाही, 1997चा. घरबसल्या गूगल करून असे लेख पाडू नयेत.”

लिपिन्स्कीचा नियम, म्हणजे कोणता रेणू गोळी म्हणून चालेल याचा ढोबळ आडाखा, 1997चाच; बरोबर. साल बदललं आहे, आभारी आहे.

आता ‘घरबसल्या’. साहेब, एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचे चार महिने मी सेपरेटिंग फनेल (दोन द्रवांचे थर वेगळे करायचं तोटीचं नरसाळं) हलवण्यात घालवलेत. वर ऑक्टॅनॉल हे तेलकट अल्कोहोल, खाली पाणी, मध्ये आमचं संयुग. ते दोन्हींत वाटलं जातं. तेलातली संहती भागिले पाण्यातली, हा झाला पार्टिशन कोएफिशंट, आणि त्याचा लॉग म्हणजे लॉग-पी. पुस्तकात दीड ओळ लागते. प्रत्यक्षात जरा जोरात हलवलं की सगळं दुधासारखं होऊन बसतं आणि तो थर फुटायची वाट बघत तुम्ही दुपारचा डबा तिथेच खाता. तोही नीट जात नाही, कारण ऑक्टॅनॉलचा तो गोडसर, तेलकट वास साबणाने तीनदा हात धुतले तरी बोटांना राहतो. हे गूगलवर सापडत नाही.

त्यात माझे आकडे जुळेनात. सकाळी 2.1, संध्याकाळी 2.6. आधी वाटलं, ऑक्टॅनॉल पाण्याने संपृक्त करून घ्यायचं राहिलं. तसं करून पाहिलं, तरी तेच. शेवटी वही घेऊन गाइडकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, “पाण्याचा पीएच किती होता?” मी म्हटलं, डिस्टिल्ड वॉटर आहे सर. त्यांनी वही मिटून परत दिली. संयुग बेस होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लधर्मी होत होतं, त्यात संयुग आयन होऊन पाण्याकडे जास्त ओढलं जात होतं, आणि पीएच स्थिर ठेवणारा बफर मी घेतलाच नव्हता. हा अनुभव लॉग-डीच्या (ठरावीक पीएचला, आयन झालेले रेणूही धरून काढलेला तोच आकडा), म्हणजे तुमच्याच बाजूने जातो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मुद्दा इतकाच की तो मी घरी बसून मिळवलेला नाही.

बरं, लॉग-डीचा एवढा आग्रह आहे तर लेखातलं दुसरं उदाहरण का सोडलंत? रक्तदाबाची दोन औषधं : प्रोप्रानोलॉलचा लॉग-पी तीनच्या वर, अ‍ॅटेनोलॉलचा शून्याच्या जवळ. म्हणून पहिलं मेंदूत सहज शिरतं आणि काहींना वाईट स्वप्नं पडतात. दुसऱ्याने हा त्रास बराच कमी होतो. दोन्ही बेस, दोघांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयन झालेले असतात तो, साडेनऊच्या आसपास. रक्ताच्या 7.4 पीएचला दोघांचेही आकडे साधारण दोनने खाली येतात, अंतर तेवढंच राहतं. इथे लॉग-पीने काय बिघडवलं ते सांगा. आयब्युप्रोफेन आम्ल आहे, त्याचं वेगळं आहे, ते सवडीने पाहू.

ऑक्टॅनॉल म्हणजे आवरण नव्हे हे शाळकरी पोरालाही कळतं; मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेयर आणि ओव्हरटन यांनी ऑलिव्ह तेल आणि बेडकाची पिल्लं घेऊन भुलीच्या औषधांचा हिशेब मांडला : तेलात जितकं जास्त विरघळतं, तितकी भूल जास्त. ऑलिव्ह तेल तरी कुठे आवरण होतं? पुढे 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात कॉर्विन हान्श यांनी ऑक्टॅनॉल रूढ केलं. त्याला लांब शेपूट आहे, टोकाला पाण्याशी जमणारा हायड्रॉक्सिल (OH) गट आहे, आणि ते पाणी धरून ठेवतं : संपृक्त ऑक्टॅनॉलमध्ये चारांतला साधारण एक रेणू पाण्याचा असतो. नुसत्या तेलापेक्षा हे आवरणाच्या जवळचं. जवळचं म्हणतोय, तेच नव्हे. प्रतिक्रिया लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे तिथेच सापडलं असतं.

लॉग-पी पाचाच्या वर गेला की औषध विरघळायला रडतं आणि चरबीत जाऊन बसतं, याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणजे ते मान्य असावं. निम्मा लेख त्याच्यावरच होता.

तुमच्या प्रतिक्रियेतला ‘पाडू नयेत’ हा शब्द मी काढलेला नाही. काढायचं बटण माझ्याकडे आहे, हे फक्त सांगून ठेवतो.