पानं मांडली का, जावईबापू?

'ड्राय क्लीन ओन्ली' लिहिलेला आमचा मरून टेबल रनर मी काल रात्री बादलीत गरम पाण्यात टाकला, कारण त्याच्यावर तांदळाचं पीठ होतं. तांदळाचं पीठ गरम पाण्यात गेलं की खळ होते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता रनर इतका कडक झालाय की उभा करून भिंतीला टेकवता येतो.

तर, थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला आभार मानायचा सण. न्यू जर्सीतली आम्ही पाच मराठी घरं दरवर्षी पॉटलक करतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, आणि यंदा पाळी आमची. स्वयंपाकघरात मी कोणालाच नको असतो म्हणून "तू टेबल बघ" असं मला सांगण्यात आलं. आता हसू नका, पण मी ते मनावर घेतलं. ऑक्टोबरमध्येच अंगणातली लाल-पिवळी मेपलची पानं वेचून टॅक्सच्या फायलीत दाबून ठेवली, कारण नोव्हेंबरअखेर झाडावर काही उरत नाही. जाळीच्या पिशवीतले शोभेचे छोटे भोपळे आणले, ते अंगावर फोड आल्यासारखे दिसणारे. गव्हाच्या वाळक्या ओंब्या आणल्या. अठरा ताटं, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे, सगळं बघून बघून केलं.

आणि मग सकाळी दहा वाजता मामा खाली आले.

मामा म्हणजे बायकोचे मामा, मामी आणि तीन बॅगांसकट पुण्याहून आलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात पंगतीवर देखरेख केलेला माणूस, कोणी सांगितलेलं नसताना. त्यांनी पाठीमागे हात बांधून टेबलाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"पानं मांडली का, जावईबापू?"

"हो ना मामा, ही काय, मेपलची."

"ती नव्हे हो. जेवायची."

मी ताटं दाखवली. मामांनी एक काटा उचलला, उजेडात धरून बघितला. "हा चटणीच्या जागेवर बसलाय. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू. उजवीकडे भाजी, आमटी. मीठ कुठाय?"

म्हटलं, "त्या टोकाला शेकर आहे."

"मीठ मागायला लावायचं पाहुण्याला?" असं म्हणून त्यांनी आतून मिठाचा डबा आणला आणि अठराच्या अठरा रिकाम्या ताटांत वरच्या बाजूला मधोमध एकेक चिमूट मीठ ठेवलं. सणाला घालवलेला माझा एक अख्खा महिना आणि त्यावर हे मीठ.

मग म्हणाले, "बरं, आज तिथी काय?"

तिथी नसते, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असतो, असं मी सांगितलं. तेही 1941 च्या कायद्याने ठरलंय, कारण त्याआधी 1939 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ख्रिसमसची खरेदी वाढावी म्हणून सण एक आठवडा अलीकडे ओढला होता आणि काही राज्यांनी ऐकलंच नाही, देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले. मामांना हे फारच आवडलं. "म्हणजे दाते पंचांगवाले आणि टिळक पंचांगवाले!" मला वाटलं चला, गाडी रुळावर आली. तेवढ्यात आतून मामी म्हणाल्या, "अहो पण हा तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार!"

झालं. अमावस्या 20 तारखेला संपलेली, 27 ला मार्गशीर्षातला गुरुवार, मामींचं महालक्ष्मीचं व्रत. मुलांसाठी आणलेली टर्की गॅरेजमध्ये गेली. माझी बरीचशी पानं मामींच्या कलशात गेली, पाच झाडांच्या डहाळ्या हव्या असतात आणि या गावात आंबा कुठून आणणार. आणि टेबलाच्या ऐन मधोमध, माझ्या ओंब्या बाजूला सारून, साबुदाण्याच्या खिचडीचा ट्रे आला.

इथे मी जरा तोंड उघडलं. म्हटलं मामा, ही खिचडी पूर्ण अमेरिकन आहे. साबुदाणा आपल्याकडे करतात तो टॅपिओकाच्या कंदाचा, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आली. एवढंच काय, आपला लाल भोपळापण. मामा खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तूप तरी आपलं आहे ना?" मी म्हटलं आहे. "मग झालं तर."

विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच, फक्त या प्रकरणात भोपळेही माझे होते.

मी शॉवर घेऊन खाली येईपर्यंत मामांनी माझ्या मरून रनरवर तांदळाच्या पिठाने महिरपी काढल्या होत्या. प्रत्येक ताटापुढे एक. कमळं, वेलबुट्टी, मधे मधे हळदीकुंकवाचे ठिपके. चांगल्या होत्या हो, वाईट त्याचंच वाटतं. माणसाचा हात जराही हलत नाही या वयात. "एवढंच राहिलं," ते म्हणाले, "तुमच्याकडे उदबत्तीचं घर नाही का?" आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या सगळ्यात देखण्या, हिरव्या-पिवळ्या भोपळ्याला सुरीने भोक पाडून (सुरीचा तेवढाच काय तो उपयोग झाला दिवसभरात) त्यात पाच उदबत्त्या खोचून पेटवल्या.

पाहुणे दारात आणि स्मोक अलार्म ओरडायला लागला. आमचा अलार्म बोलतो. "फायर, फायर." मी खुर्चीवर चढून त्याच्याखाली टॉवेल हलवतोय, मामा खालून विचारतायत की ही बाई कोण आणि हिला गप्प का करत नाही.

पुढे काय, नेहमीचंच. माझ्या टेबलावर कोणी बसलंच नाही. पीठ विस्कटेल म्हणून. सगळ्यांनी कागदी प्लेट घेतल्या, कप्पेवाल्या, आणि सोफ्यावर मॅच बघत मसालेभात खाल्ला. पोरांनी गॅरेजमध्ये उभ्याउभ्या टर्की संपवली. दरवर्षी असंच असतं, सजवायचं एकाने, फोटो काढायचे सगळ्यांनी आणि जेवायचं मांडीवर प्लेट घेऊन. आणि अठरा येणार म्हणून सव्वीस आले त्याबद्दल तर मी बोलतच नाही. रात्री अकरा वाजता अठरा न वापरलेली ताटं मीच धुतली, कारण त्यांत मीठ होतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आलाय. "मामांची महिरप!!" खाली बेचाळीस हार्ट. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात एक कोपर आणि टॉवेलचं टोक दिसतंय, तो मी.

सकाळी चहा घेताना मामा म्हणाले, "जावईबापू, नाताळलाही लोक येणार आहेत ना? आता घाई नको, नीट आधीपासून ठरवू आपण."

त्यांचं परतीचं तिकीट 12 जानेवारीचं आहे.