आन्सरिंग मशीनवरचा बँड
लेख झकास हाय, पण दे माइट बी जायंट्स ह्या अमेरिकन बँडचं सगळं म्हणजे पोरकटपणा असं त्यात लिवलंय, ते काय पटलं नाही राव. बँडमधल्या जॉन लिनेलचं मनगट मोडलेलं, जॉन फ्लॅन्सबर्गच्या घरी चोरी झालेली, कार्यक्रम बंद, तवा ह्या दोघा जॉननी घरच्या आन्सरिंग मशीनवर, म्हणजे फोनवरचे निरोप टेप करणाऱ्या यंत्रावर, गाणं भरून ठेवलं आणि पेपरात नंबर छापला, ब्रुकलिनला फोन लावा, बीप व्हायच्या आधी गाणं ऐका, एका टायमाला एकच माणूस! ह्याला डोकं लागतंय भावा.

आणि ते अकॉर्डियन. आमच्या कोल्हापुरात ऑर्केस्ट्रावाल्यांकडं असायचं, भाता ताणला की पुढची पोरं नाचायला मोकळी, तीच पेटी हे लोक ड्रम मशीनसोबत वाजवत होते, ड्रमर ठेवायला परवडत नव्हता की ठेवायचाच नव्हता देव जाणे. १९९० च्या 'फ्लड' अल्बममधलं इस्तंबूलचं गाणं तर मूळ १९५३ चं, म्हणजे आजोबांच्या काळातला माल उचलून जोरात पळवला. २००२ पासनं लहान पोरांचे अल्बम पण काढले, आमचं बारकं आकड्यांची गाणी लावल्याशिवाय जेवत नाही, त्यावर लेखात एक ओळ पण नाही बगा.