रीमिक्स म्हणजे छेडछाड नव्हे
जुन्या अल्बमचं रीमिक्स (मूळ टेपवरचे वाद्यांचे, गायनाचे सुटे आवाज नव्यानं एकत्र जुळवणं) म्हणजे मूळ ध्वनीशी छेडछाड, असं एका लेखात वाचलं. हे सरसकट विधान मला अजिबात पटलं नाही. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा १९७१ चा ‘अ‍ॅक्वालंग’ हा अल्बम घ्या. जुन्या बाजारातून आणलेली त्याची एलपी मी कोथरूडच्या घरी वर्षानुवर्षं ऐकली. आवाज कायम जाड पडद्याआडून आल्यासारखा. २०११ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सननं केलेलं नवं मिक्स आलं आणि गिटार, बासरी, ड्रम्स सगळं सुटं सुटं ऐकू आलं. त्या दिवशी मी अख्खा अल्बम दोनदा ऐकला.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमचंही तेच. १९६७ मध्ये तो रेकॉर्ड झाला तेव्हा टेपवर चारच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवायच्या चारच पट्ट्या, असायच्या. जागा करायला आधीची वाद्यं एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवावी लागत, आणि दर वेळी स्पष्टता थोडी कमी होई. २०१७ च्या नव्या मिक्ससाठी निर्माता जाइल्स मार्टिननं त्या एकत्र करण्याआधीच्या टेपच वापरल्या. शिवाय १९६७ मध्ये बीटल्सनी स्वतः लक्ष घातलं ते मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीतून) मिक्समध्ये, स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचं) मिक्स त्यांच्याशिवाय उरकलं गेलं. मग ‘मूळ’ म्हणायचं कशाला?

माझी तक्रार आहे ती कर्कश रीमास्टरबद्दल (ते तयार मिक्सवरचं काम, रीमिक्स वेगळं). सगळा आवाज इतका चढवतात की कुजबुज आणि ड्रमचा ठोका एकाच पातळीवर येतात. नवं मिक्स जरूर यावं, फक्त जुनंही शेजारी मिळत राहावं. ती एलपी मी अजून जपून ठेवली आहे.