रोजनिशी, मुदत आणि मेहुणीची वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कामावरच्या वंशभेदाविरुद्ध मी स्वतः एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक दावे चालवणाऱ्या इंग्लंडमधल्या न्यायाधिकरणात, दावा चालवला होता. त्याच्या तयारीविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी सावकाश, दोन वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : इंग्लंडमध्ये आपण पोटापाण्यासाठी आलो आहोत, इथे प्रत्येक टोमण्याला भेदभाव म्हणू नये; रोजनिशी ठेवण्याचा माझा सल्ला म्हणजे सहकाऱ्यांवर टपून बसण्याची शिकवण आहे; वकील नसलेला माणूस दावा हरला तर कंपनीचा सगळा खर्च त्याच्या अंगावर येतो; आणि ‘आधी कंपनीत लेखी तक्रार करा, निर्णय आला की पुढचे पाहा’ हे माझे वाक्य दिशाभूल करणारे आहे. केअर होममध्ये काम करणारी आपली मेहुणी माझा लेख वाचल्यापासून रोज रात्री वही घेऊन बसते आणि तिची झोप उडाली आहे, हेही आपण लिहिले आहे. उत्तर लांबले आहे ते या शेवटच्या वाक्यामुळे.

चौथा आक्षेप आधी घेते, कारण तो खरा आहे आणि चूक माझी आहे. कंपनीत तक्रार जरूर करावी. पण तिची चौकशी चालू आहे म्हणून ट्रायब्युनलची मुदत थांबत नाही, हे मी त्याच वाक्यात लिहायला हवे होते. माझा दावा झाला त्या वेळी ही मुदत घटनेपासून तीन महिने वजा एक दिवस अशी होती. माझ्या दाव्यातील मुख्य घटना १२ मार्च २०१९ ची, म्हणजे मुदत ११ जूनला संपत होती. कंपनीतली तक्रार मी २ एप्रिलला दिली आणि तिचा निर्णय माझ्या हातात पडला तो १९ जूनला. युनियनच्या प्रतिनिधीने फोनवर सहज तारीख विचारली नसती, तर मी निर्णयाची वाट पाहत बसले असते आणि दावा तिथेच संपला असता. ७ जूनला मी एकॅसकडे, म्हणजे कामगार आणि मालक यांच्यात समेट घडवू पाहणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, समेटासाठी नोंद केली, तेव्हा कुठे घड्याळ थांबले. २०१४ पासून समेटासाठी नोंद केल्याच्या एकॅसच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असल्याशिवाय असा दावा दाखल होत नाही. नोकरीच्या हक्कांविषयीच्या २०२५ च्या नव्या कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे. परंतु आपल्या घटनेला कोणती मुदत लागू होते हे एकॅसला विचारून घ्यावे आणि तोवर तीनच महिने धरून चालावे. उशीर झालेला दावा न्याय्य वाटल्यास दाखल करून घेण्याचा अधिकार ट्रायब्युनलला आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

खर्चाचा मुद्दा मात्र आपण लिहिला तसा नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा दिवाणी न्यायालयाचा सर्वसाधारण रिवाज एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये नाही. तिथे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. कोणी त्रास देण्याच्या हेतूने, अवाजवी रीतीने किंवा यशाची वाजवी शक्यता नसताना दावा चालवला, तर मुख्यतः दुसऱ्या बाजूचा खर्च लादण्याचा विचार होतो. कंपनीच्या वकिलांकडून खर्चाची धमकी देणारे पत्र मात्र बहुधा येते. मलाही आले होते. ते शांतपणे वाचावे, त्यात दाव्यातील खरी कमजोरी दाखवली असेल तर तिचा विचार करावा आणि लेखी उत्तर द्यावे. दावा लावण्याची फीसुद्धा आता नाही. २०१३ मध्ये ती बसवली गेली, तेव्हा भेदभावाच्या दाव्याला सुनावणीपर्यंत १,२०० पौंड मोजावे लागत आणि दाव्यांची संख्या एकदम घसरली. जुलै २०१७ मध्ये युनिसन या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. वकील परवडत नसेल तर युनियन किंवा लॉ सेंटर, सिटिझन्स ॲडव्हाइस अशा मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडे जावे, आणि घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण आहे का तेही पाहावे. पुष्कळांच्या विम्यात ते असते आणि त्यांना त्याची कल्पना नसते.

आता रोजनिशीविषयी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होते : ‘आज पुन्हा सगळ्यांसमोर अपमान.’ तारीख नाही, नाव नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला सुनावणी झाली तेव्हा कंपनीच्या बॅरिस्टरने सुनावणीसाठी जमवलेल्या कागदांच्या चारशे पानी बंडलमधले नेमके तेच पान मला उघडायला लावले आणि विचारले, कोणी अपमान केला, कोणते शब्द वापरले? समोर न्यायाधीश आणि पंचमंडळातील दोन सदस्य लेखणी सरसावून बसले होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. काही पानांनंतरची नोंद अशी होती : ‘मंगळ., १२ मार्च, सकाळी १०.१५, वरच्या मजल्यावरची मीटिंग रूम. मॅनेजर म्हणाले, ग्राहकांना तुमचे उच्चार कळत नाहीत, उद्यापासून फोन दुसरे कोणी घेईल. समोर तिघे. मी काही बोलले नाही.’ मॅनेजरांचे शब्द इंग्रजीत, जसेच्या तसे लिहिलेले होते. त्या नोंदीवर मला एकही अडचणीचा प्रश्न आला नाही. ‘मी काही बोलले नाही’ हे माझ्या विरुद्ध जाणारे वाक्यही तिथेच होते, आणि माझ्या समजुतीने त्या वाक्यामुळेच बाकीच्या नोंदीवर विश्वास बसला.

याच वहीमुळे मी माझे तीन आरोप खोडले, आणि टपून बसण्याच्या आक्षेपाला माझे खरे उत्तर हेच आहे. एकूण सात घटना मी तक्त्यात मांडल्या होत्या : तारीख, स्थळ, शब्द, साक्षीदार आणि शेवटच्या रकान्यात ‘माझ्याच परिस्थितीतील दुसऱ्या वंशाच्या माणसाला कसे वागवले?’ समानता कायदा २०१० प्रमाणे प्रत्यक्ष भेदभावाच्या आरोपात हा शेवटचा रकानाच निर्णायक असतो. नुसते वाईट वागवले हे पुरेसे नसते. तो भरताना मला दिसले की रजा नाकारणे, उशिरा आल्याबद्दल सर्वांसमोर बोलणे आणि एका अहवालावरून झालेली कानउघाडणी, या तिन्ही बाबतींत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज सहकारी बाईंनाही त्याच मॅनेजरांनी अगदी तसेच वागवले होते. ते फटकळ होते, पण त्या तीन प्रसंगांत त्यांनी भेदभाव केला असे मला म्हणता येईना. वही नसती तर रागाच्या भरात मी ते तिन्ही आरोप एका माणसावर केले असते. प्रत्येक टोमणा भेदभाव नसतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. कोणता टोमणा भेदभाव आहे आणि कोणता नाही, हे मला त्या तक्त्याने दाखवले.

उरलेल्या चार आरोपांपैकी दोन सिद्ध झाले, त्यात उच्चाराचा एक. भेदभाव झाला असा निष्कर्ष निघू शकेल इतक्या वस्तुस्थिती आधी दावेदाराने दाखवायच्या. मग कारण वेगळे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. म्हणूनच त्या वस्तुस्थिती बारकाईने लिहिलेल्या असाव्या लागतात. उच्चारांवरील शेरा वंशाशी निगडित छळ ठरू शकतो, तसा हेतू नसला तरीही, असे अपिलीय ट्रायब्युनलने २०२४ मध्ये एका विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आणि पोटापाण्याचे म्हणाल, तर आपण इथे कर भरून राहतो, आणि हा कायदा कामावरच्या माणसाचे मूळचे गाव कोणते ते विचारत नाही. भेदभाव करणारा गोराच असतो असेही नव्हे; या कायद्यातील ‘वांशिक मूळ’ या शब्दांत जात येऊ शकते असा निर्णय २०१४ मध्ये झालेला आहे. आपल्या मंडळींपैकी जे इथे मॅनेजर आहेत, त्यांनीही तो लक्षात ठेवलेला बरा.

कागद एकतर्फी जमवता येत नाहीत, हे मी मूळ लेखात पुरेसे ठसवले नव्हते. दोन्ही बाजूंना आपल्याजवळची संबंधित कागदपत्रे द्यावी लागतात, गैरसोयीची असली तरी. फोनचे काम काढून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मीच मॅनेजरांना ईमेल केला होता, ‘नव्या कामाबद्दल आभार, मी समाधानी आहे.’ नोकरी टिकवायची होती, म्हणून लिहिला. तो मला द्यावा लागला आणि उलटतपासणीत त्यावर अर्धा तास गेला. मी तो का लिहिला हे मी माझ्या निवेदनात आधीच सांगितले होते, म्हणून निभावले.

आपल्या मेहुणीबाईंची झोप उडाली आहे ही गोष्ट मी हलकी मानत नाही; माझीही दोन वर्षे उडाली होती. त्यांनी रोज रात्री लिहू नये. घटना घडेल त्याच दिवशी दहा मिनिटांत लिहावे, वही मिटावी आणि ज्या दिवशी काही घडले नाही त्या दिवशी ती उघडू नये. डॉक्टरांकडे जाऊन झोपेचा त्रास सांगावा. आणि शेवटची घटना कोणत्या तारखेची, एवढे आपण त्यांना आजच विचारा. तीन महिने भरत आले असतील तर कंपनीच्या निर्णयासाठी न थांबता त्यांनी उद्या सकाळी एकॅसला फोन करावा. मूळ लेखातील ते वाक्य मी काल रात्री दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाली असे तिथे नमूद केले आहे.