पहिल्या फोनवरून ठरवू नका

"नंबर मिळून पंधरा दिवस झाले, अन् तू अजून फोन नाही केला?"

मास्तरांनी असं विचारलं आणि रेल्वेनं हातातला चमचा पोह्यांत तसाच रोवून ठेवला. रेल्वे म्हणजे आमचा मित्र. चाळीस वर्षं त्याच खात्यात गेली, त्यामुळे कट्ट्यावर त्याला दुसरं नाव उरलेलं नाही. नागपूरच्या लक्ष्मीनगरात सकाळचा फेरफटका झाला की ठेल्यावरचे तर्री-पोहे घ्यायचे आणि समोरच्या कट्ट्यावर तासभर बसायचं, हा आमचा रोजचा क्रम. त्या दिवशी तो तास दीडावर गेला.

रेल्वेनं खिशातून चिठ्ठी काढली. औषधांच्या बिलाच्या पाठीमागे दहा आकडे. घडी पडून मधले दोन आकडे पुसट झाले होते, त्यांवर त्यानं पेनानं पुन्हा गिरवलं होतं. ज्याला फोन करायचाच नाही तो आकडे गिरवत बसत नाही, हे मला तिथंच कळलं.

नंबर त्याच्या गोंदियाच्या सोबत्याचा. १९७९ मध्ये पहिली नेमणूक तिकडे झाली, तेव्हा तीन वर्षं दोघं एका खोलीत राहिले. एक स्टोव्ह, एक बादली, पाळीपाळीनं भाकरी. मग बदल्या झाल्या, लग्नं झाली, आणि पत्रं कधी थांबली ते दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही.

"बोलू काय मी?" रेल्वे म्हणाला. "चाळीस वर्षांनी विचारू का, का बा, कसा आहेस? त्याला वाटेल, हा पॉलिसी विकायला फोन करून राहिला."

"मग बरोबरच वाटेल त्याला," वकील म्हणाला. "अबे, मी केला होता मागच्या वर्षी. शाळेतला दोस्त, आता अमरावतीला असतो. दोन मिनिटं बोलला. हो, हो, बरं, ठेवतो. बस्स! त्याला गरज नाही नं आपली. मैत्री त्या-त्या वेळेची असते. वेळ सरली, मैत्री सरली. कशाला उकरून काढता?"

मास्तरांना हे पटणारं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ते वाचतात भरपूर आणि वाचलेलं लक्षात ठेवतात. २०२४ मध्ये लारा अॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सांगितला. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, त्यालाही आवडेल असं वाटतं, नंबर हाताशी आहे, अशी माणसं त्यांनी घेतली. निरोप लिहायला आणि पाठवायला वेळही दिला. तरी पाठवला तो एक तृतीयांशापेक्षाही कमी लोकांनी. "म्हणजे तू काही वेगळा नाहीस," मास्तर रेल्वेला म्हणाले. "सगळेच अडतात. जुना दोस्त म्हणजे अनोळखी माणसासारखाच होऊन बसतो मनात."

"तेच तं मी सांगून राहिलो," वकील म्हणाला. "अनोळखीच झाला नं तो!"

मला राहवेना. वकिलाचे ते "हो, हो, बरं, ठेवतो" हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत, अगदी त्याच क्रमानं.

माझा वसतिगृहातला मित्र वर्ध्याला असतो. एका सायकलवर दोघं, अंबाझरी तलावाच्या पाळीपर्यंत एकानं चालवायची, परत येताना दुसऱ्यानं, असे आमचे दिवस. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी त्याला छत्तीस वर्षांनी फोन लावला. तो तुटक बोलला. मी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" तो म्हणाला, "झाली की आता दोन वर्षं." माझ्या घशातून शब्द निघेना. वहिनी गेल्या आणि आपल्याला पत्ता नाही! कसाबसा फोन ठेवला आणि दोन दिवसांनी, भेटून यावं म्हणून वर्ध्याची गाडी धरली. दार वहिनींनीच उघडलं.

त्याला ऐकू येत नव्हतं. मी काहीतरी विचारलं एवढंच त्याला कळलं, आणि लोक हल्ली डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारतात म्हणून त्यानं तेच उत्तर ठोकून दिलं. फोनवर तो सगळ्यांशीच तसा बोलतो, वहिनींनी सांगितलं. पुन्हा-पुन्हा "काय? काय?" करायची लाज वाटते, म्हणून हो-हो करून ठेवून देतो. मुलाशीसुद्धा.

ताई हे ऐकत होत्या. त्या परिचारिका होत्या, तीस वर्षं वॉर्डांत काढलेली बाई. त्यांनी नीट उलगडून सांगितलं. वयानं कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं निसटतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. समोर बसलं की ओठ दिसतात, निम्मं तिथून भरून निघतं. फोनवर ओठ नाहीत, आणि साध्या फोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते, म्हणजे वरचे आवाज मुळातच कापलेले. साठीच्या पुढं चारांत एकाला तरी त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "अन् तुमच्या त्या जुन्या दोस्तांच्या मेळाव्यांत काय असतं?" ताई म्हणाल्या. "हॉल, स्पीकर, गाणी. कमी ऐकणारा कोपऱ्यात गप्प बसतो. घरी जाताना बाकीचे म्हणतात, फार बदलला, भाव खाऊन राहिला."

हे मला फार लागलं. कारण दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका कार्यक्रमात मी एकाबद्दल नेमकं तेच म्हटलं होतं.

मग ताई स्वतःच्या मैत्रिणीवर आल्या, आणि आम्ही पुरुष गप्प झालो. "तुम्हाला नंबर तरी मिळतो. आमच्या मैत्रिणीचं लग्न झालं की आडनाव गेलं, गाव गेलं, काही ठिकाणी नावसुद्धा बदललं. शोधायचं कुणाला?" त्यांनी ती शोधली ती भावाच्या घरावरून. महाल भागातला जुना वाडा गेला होता, पण पानठेल्यावाल्याला भाऊ कुठं राहायला गेला ते ठाऊक होतं. ताईंनी दिवाळीआधी तिथं चिठ्ठी नेऊन ठेवली. भाऊबीजेला ती माहेरी येईलच, हा हिशेब. ती आली, आणि त्याच संध्याकाळी ओवाळणीचं ताट बाजूला ठेवून ताईंच्या दारात उभी राहिली. एकेचाळीस वर्षांनी.

वकील मात्र हटला नाही, आणि त्याच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भागीदारीत ज्यानं त्याला बुडवलं तोही जुना मित्रच होता. "त्याच्या घरी जाऊ का आता, दोस्ती म्हणून?" नाही. ज्यानं जाणूनबुजून घात केला त्याच्या उंबरठ्यावर जायला मी कुणाला सांगणार नाही. पण बहुतेक मैत्र्या घातानं तुटत नाहीत, बदलीनं तुटतात.

"दोनशे तास!" मास्तर मध्येच म्हणाले. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी काढलेला आकडा. ओळखीच्या माणसाचा जवळचा मित्र व्हायला दोनशेच्या वर तास सोबत जावे लागतात. "या वयात नवे दोनशे तास कुठून आणणार? गोंदियाच्या खोलीत तू हजारो तास भरून ठेवले आहेस, बाबा."

भरून ठेवले आहेत हे खरं, पण ते आपोआप हाती लागत नाहीत. वर्ध्याला पहिल्या खेपेला आम्ही दोघांनी एकमेकांना नुसती माहिती दिली. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, शुगर इतकी, पेन्शन तितकी. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्याच्या अंगणातला पाण्याचा पंप बंद पडला होता. आम्ही दोघं मांडी घालून खाली बसलो आणि तो उघडला. नट फिरेना, तेव्हा तो मला म्हणाला, "तुझ्याच्यानं सायकलची चेन तरी कधी बसली होती काय बे?" त्या एका "बे"साठी मी दर महिन्याला जातो. रेल्वेच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पूर्ण भाडं भरून जातो. त्याच्यासमोर बसतो, उजेड माझ्या तोंडावर येईल असा.

रेल्वेनं थंड झालेले पोहे संपवले, चिठ्ठीची घडी घातली. "फोन नाही करत मी," तो म्हणाला. "रविवारी विदर्भ एक्सप्रेसनं जातो सरळ. पत्ता पूर्ण नाही, पण गोंदियात काढीन शोधून."

"मी येऊ का सोबत?" मास्तरांनी विचारलं.

"नको. एकटाच जातो."

आम्ही उठलो. ठेल्यावाल्याचे पैसे द्यायची आज वकिलाची पाळी होती. पाकीट हातात धरून तो तसाच उभा राहिला, आणि ताई निघाल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग दोन पावलं गेला.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "माझ्यावाला अमरावतीचा... त्यानं नुसतं हो-हो केलं होतं. त्यालाही ऐकू येत नसेल का?"