अनवाणी चाला, मऊ चप्पल घाला? ज्येष्ठांच्या ग्रुपवरच्या सल्ल्याची झाडाझडती

ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून येतोच. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. साठीनंतर पडणं हे वयाचंच. घरात अनवाणी चाला, तोल सुधारतो. चप्पल घालायचीच तर जाड, गादीसारखी मऊ घ्या. आणि म्हातारपणी पडल्यामुळे हाड मोडत नाही, हाड मोडतं म्हणून माणूस पडतो. सबब कॅल्शियम घ्या. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा'.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, तो लवकर निकालात निघतो. खुब्याचं हाड मोडलेल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत आधी पडणंच झालेलं असतं. हाडं फारच ठिसूळ झाली असतील किंवा हाडात गाठ असेल तर क्वचित ते आपोआप मोडतं, एवढंच काय ते त्यात तथ्य. ओल्या मोरीत घसरलेला पाय कॅल्शियमच्या गोळीने सावरत नाही.

'वयाचंच' हे अर्धवट खरं. पासष्टीपुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. म्हणजे दोघं पडत नाहीत, हेही बघा. चालताना पुढे येणारा पाय जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वर असतो. घोट्याची ताकद कमी झाली की तेवढंही अंतर राहत नाही आणि पायपुसण्याची दुमडलेली कड पुरते. त्यात झोपेची गोळी, प्रोस्टेटचं औषध, रात्री लघवीला उठल्यावर एकदम उतरणारं बीपी. शिवाय आपण फरशीला दोष देऊन मोकळे होतो, पण कॅनडातल्या वृद्धनिवासांत कॅमेऱ्यात टिपलेल्या २२७ घटना २०१३ मध्ये अभ्यासल्या तेव्हा अडखळून पडलेले २१ टक्के निघाले. वळताना, उठताना शरीराचा भार चुकीचा टाकल्यामुळे पडलेले ४१ टक्के. भार नीट टाकणं सरावाने सुधारतं. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरातले अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) दिसलं.

आता अनवाणी. या सल्ल्याला थोडा आधार आहे: तळव्याला जमीन जितकी नीट कळेल तितका तोल सोपा. पण सिॲटलमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर असणाऱ्यांचा पडण्याचा धोका स्पोर्ट शूज किंवा कॅनव्हासचे बूट घालणाऱ्यांच्या सुमारे अकरा पट आढळला. बॉस्टनच्या अभ्यासात घरात पडलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक त्या वेळी अनवाणी, मोज्यांवर किंवा स्लिपरवर होते. (हा दुसरा आकडा जपून वापरावा. घरात माणूस असाच वावरतो, त्यामुळे पडतानाही तसाच असणार.) ही घरं अमेरिकेतली, आपल्यासारखी नव्हेत, हेही मान्य. पण आपल्याकडची सारवलेली जमीन जाऊन गुळगुळीत टाइल्स आल्या, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला खालचं पाणीही कळत नाही, खडाही नाही. अशा माणसाला अनवाणी चालायला सांगणं हा सरळ धोका आहे. पायाला जखम होते आणि चार दिवस पत्ताही लागत नाही.

मऊ चपलेचा मुद्दा मात्र पार उलटा आहे. गादीवर एका पायावर उभं राहून बघा, म्हणजे कळेल. (ज्येष्ठांनी नको, मुलांनी करून बघावं.) माँट्रियलमधल्या १९९२ च्या प्रयोगात वयस्क पुरुषांना अरुंद पट्टीवरून चालवलं. जाड, मऊ तळव्यांवर तोल सर्वांत वाईट, पातळ आणि कडक तळव्यांवर सर्वांत चांगला.

आपली हवाई चप्पल पातळ असली तरी तिचा दोष वेगळा. मागे पट्टा नाही, म्हणून ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात आणि पाऊल उचलायच्या ऐवजी घासत जातं. घरातली जुनी जोडी उलटी करून बघा. टाचेखालच्या खाचा झिजून तिथे आरशासारखा चकचकीत डाग पडलेला असेल, तर ती ओल्या फरशीवर घसरणारच. कोल्हापुरीचा गुळगुळीत चामडी तळही ओल्यात तसाच.

मग घ्यायचं काय? मागे पट्टा, शक्यतो वेलक्रोचा. टाच बुटकी आणि रुंद. तळ पातळ, दाबल्यावर फारसा न दबणारा, खाचांचा. संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून माप तेव्हाच द्यावं. 'घरात चप्पल? देवघर आहे!' असं कुणी म्हणालं तर घरापुरती वेगळी जोडी ठेवायची, देवघराच्या दाराशी काढायला खुर्ची ठेवायची.

टाच दुखते म्हणून मऊ हवीच असेल, तर डॉक्टरांना दाखवून बुटात बसणारी गादी करून घ्यावी. 'ऑर्थो' हा शिक्का कुणीही मारतो. पाय दुखणाऱ्या ज्येष्ठांवर मेलबर्नमध्ये झालेल्या चाचणीत पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं (२०११), पण तिथे बूट आणि आतल्या गादीसोबत घोट्याचे, पावलांचे व्यायामही होते.